बेस गिटारवाल्यानं अ‍ॅम्प घरी ठेवावा का?

मंद्रसप्तक

नाट्यगृहात होणाऱ्या जुन्या हिंदी-मराठी गाण्यांच्या कार्यक्रमांबद्दल बोलतोय. पुण्याचं बालगंधर्व, ठाण्याचं गडकरी, दादरचं शिवाजी मंदिर, साधारण त्या मापाची सभागृहं. गणपती-नवरात्रातला मैदानावरचा ऑर्केस्ट्रा हा वेगळा विषय, तो इथे नको.

माझं मत: अशा सभागृहात बेसवाल्यानं स्वतःचा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याचा स्पीकर) लावूच नये. डीआय बॉक्समधून (बेसचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करून देणारी डबी) सरळ मिक्सरला लाइन द्यावी, स्वतःला ऐकायला कानात इन-इअर इअरफोन घालावेत, संपलं.

बेसची सगळ्यात खालची मोकळी तार, म्हणजे ई, ४१ हर्ट्झला वाजते. त्या लहरीची लांबी आठ मीटरच्या वर जाते. असा आवाज कॅबिनेटच्या, म्हणजे स्पीकरच्या खोक्याच्या, फक्त पुढे जात नाही, चहूकडे पसरतो. तुमचा कॅबिनेट तोंड कुठेही करून ठेवा, तो तबल्याच्या, ढोलकीच्या आणि गायिकेच्या माइकमध्ये शिरणारच. मग साउंड ऑपरेटरनं मिक्सरवरचा बेसच्या आवाजाचा फेडर पार खाली ओढला तरी सभागृहात बेस घुमत राहतो. स्टेजची पोकळ लाकडी जमीन त्यात भर घालते. मध्यंतरात एखाद्या आजी येऊन म्हणतात, "गाणं छान, पण शब्द कळत नाहीत हो." आणि बोलणी बिचाऱ्या गायकाला बसतात.

"अ‍ॅम्पशिवाय टोन येत नाही" हे आता कुणीतरी म्हणेलच, म्हणून आधीच सांगतो. अमेरिकन बेसवादक जेम्स जेमर्सन. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या साठच्या दशकातल्या कितीतरी रेकॉर्डिंगमध्ये त्याचा प्रिसिजन बेस सरळ मिक्सिंग डेस्कला जोडलेला असे. फ्लॅटवाउंड (गुळगुळीत) तारा, ब्रिजजवळ फोमचा तुकडा आणि उजव्या हाताची एकटी तर्जनी. सगळा टोन तिथला.

आठ_बाय_दहा

अर्धीच गोष्ट सांगताय. जेमर्सन स्टुडिओत डेस्कला जोडत होता; क्लबमध्ये वाजवताना त्याच्यामागे अँपेगचा बी-१५ अ‍ॅम्प असायचा.

आता आपल्या स्टेजवर या. रात्रीचा कार्यक्रम, दुपारच्या नाटकाचा सेट उतरेपर्यंत संध्याकाळ झालेली, आणि साउंड चेक म्हणजे गायकांचे माइक चालू आहेत की नाही एवढंच. मॉनिटर मोजके. पुढचे गायकांचे, एक निवेदिकेच्या बाजूला, एक तालवाद्यांकडे. बेसवाल्याच्या वाट्याला शेजारच्या मॉनिटरचं उष्टं. इन-इअर घाला म्हणता, पण त्यात काय पाठवायचं हे ऑपरेटरच्या हातात. त्यानं ऑक्सच (मॉनिटरसाठीची वेगळी लाइन) दिला नाही तर? कानात बोळे घालून बोटांकडे बघत वाजवू?

अ‍ॅम्प हा माझा विमा आहे. लाइन गेली, चॅनल चुकून म्यूट राहिला, तरी गाण्याची खालची बाजू उभी राहते. आणि एक गोष्ट मोजता येत नाही म्हणून ती खोटी ठरत नाही: पाठीमागून सूर अंगावर आला की हात वेगळा चालतो. कानात बोंडं घालून तसा चालत नाही.

फेडर_खाली

मी ऑपरेटर. शिव्या खायची सवय आहे, त्यामुळे राग नाही.

आठ_बाय_दहा, 'ऑक्स दिला नाही' हे खरं असेल, पण मागितला होतात का? बहुतेक बेसवाले स्टेजवर येतात, अ‍ॅम्प लावतात, आणि मला विचारतात ते फक्त "प्लग पॉइंट कुठंय?"

आता अ‍ॅम्पमुळे मला नेमकं काय होतं ते सांगतो, कारण 'आवाज मोठा होतो' एवढंच ते नाही.

आवाज हवेतून एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद घेतो. माझे सब (खालच्या सुरांचे स्पीकर) स्टेजच्या खाली, पुढे. तुमचा कॅबिनेट त्यांच्या सात-आठ मीटर मागे. तोच सूर सबमधून आधी निघतो आणि तुमच्याकडून वीसेक मिलिसेकंदांनी मागून येतो. काही सुरांवर दोन्ही मिळून फुगतात, काही सुरांवर एकमेकांना खाऊन टाकतात. एक सूर वाजवला की खिडक्या थरथरतात, दुसरा वाजवला की बेस गायब. प्रेक्षकाला वाटतं वाजवणारा कच्चा आहे. इक्वलायझरनं हे सुटत नाही, कारण दुखणं टोनचं नाहीच. माझ्याकडची लाइन डिलेनं मागे ढकलून थोडं जुळवता येतं, पण ते कॅबिनेट स्टेजवर किती मागे आणि किती जोरात आहे ते कळल्यावर. दुसऱ्याच गाण्याला तुम्ही नॉब फिरवला की तेही गेलं.

दुसरं: अ‍ॅम्पच्या मागच्या डीआय आउटमधून मला लाइन देत असाल तर तिथलं बटण 'प्री'वर ठेवा. 'पोस्ट'वर असेल तर तुम्ही तुमच्या अ‍ॅम्पवर बेसचा नॉब वाढवलात की माझ्याकडेही वाढतो, मी कमी करतो, मग तुम्हाला कमी वाटतं, तुम्ही परत वाढवता. पूर्ण कार्यक्रम हीच फुगडी.

डावा_हात

कीबोर्डवाला. सगळे बोलले आणि माझं नाव अजून कसं आलं नाही याचंच नवल.

माझा डावा हात खाली बेस वाजवत असतो. का? कारण बजेट कमी असलं की सगळ्यात आधी बेसवाल्याचं नाव कापलं जातं, आणि मग ते काम माझ्याकडे येतं. सवय जात नाही. सुरांच्या एकाच पट्ट्यात मी, बेस, आणि ढोलकीचा धुम. अ‍ॅम्प घरी ठेवून हे सुटणार नाही, आधी कुणी काय वाजवायचं नाही हे ठरवा.

गळा_सांभाळून

मी गाते. मंद्रसप्तक, तुमचं म्हणणं वाचताना पटलं, पण प्रत्यक्षात तुमच्या पद्धतीच्या एका कार्यक्रमात मी अडकले होते. बेसवाल्याच्या कानात सगळं छान, बाहेर प्रेक्षकांना सगळं छान, आणि मध्ये उभ्या असलेल्या मला बेसच नाही! मी इन-इअर वापरत नाही, कानात आपला गळा वेगळाच वाटतो. आम्हा गाणाऱ्यांना खालून आधार लागतो, अंतऱ्याला वर गेलं की आणखीच. अ‍ॅम्प बंद झाला तर त्याचा सूर माझ्या मॉनिटरमध्ये आणून देण्याची जबाबदारी कुणाची? बेसवाला निघून मोकळा, मी ऑपरेटरला खुणा करतेय आणि समोर पहिल्या रांगेत प्रायोजक.

म्हणून मला अ‍ॅम्प हवा. पण माझ्या पाठीशी नको, बाजूला, आणि लहान.

लांब_लहर

मूळ अडचण भौतिकशास्त्रातच आहे. बेसची लहर आठ मीटर लांब असल्यानं ती पूर्ण तयार व्हायला आठ मीटर अंतर लागतं. अ‍ॅम्पजवळ उभ्या असलेल्या वादकाला बेस ऐकूच येत नाही, म्हणून तो वाढवतो, आणि दहाव्या रांगेतल्या माणसाचे कान फुटतात.

मंद्रसप्तक

लांब_लहर, हे मीही वर्षानुवर्षं ऐकत आलोय, पण तसं नाही. लहर 'तयार' व्हायला अंतर लागत असतं तर कानात घातलेल्या इअरफोनमधून बेस ऐकूच आला नसता. तिथे पडद्यापासून कानाच्या पडद्यापर्यंत दोन-तीन सेंटिमीटर.

वादक वाढवतो त्याचं कारण वेगळं. सूर ओळखू येतो तो नुसत्या तळाच्या ४१ हर्ट्झवरून नव्हे, त्याच्या वरच्या स्वरांशांवरून: ८२, १२३, आणि पुढे बोटाचा, तारेचा जो खरखरीत भाग असतो त्यावरून. हे वरचे भाग मात्र स्पीकर ज्या दिशेला तोंड करून असेल तिकडेच मुख्यतः जातात. आणि कॅबिनेट असतो जमिनीवर, रोखलेला असतो पोटऱ्यांवर. पोटऱ्यांना कान नसतात. वादकाच्या कानाशी नुसता गडगडाट, स्पष्टपणा नाही. मग तो व्हॉल्यूम वाढवतो. जमिनीवर, भिंतीला किंवा कोपऱ्याला टेकवला असेल तर तळ आणखी फुगतो. तोच कॅबिनेट भिंतीपासून सुटा करून खुर्चीवर चढवा किंवा मागे कलता ठेवा, निम्म्या आवाजात भागेल.

गळा_सांभाळून, तुमचा मुद्दा बिनतोड आहे, त्याला माझ्याकडे उत्तर एवढंच: तुमच्या मॉनिटरमध्ये बेस पाठवणं हे साउंड चेकचं काम आहे आणि ते बेसवाल्यानं स्वतः उभं राहून करून घ्यायला हवं. फक्त बेस मॉनिटरमध्ये पाठवताना ७०-८० हर्ट्झच्या खालचं कापून पाठवा. सूर कळतो, गडगडाट येत नाही.

आठ_बाय_दहा

'खुर्चीवर ठेवा' म्हणजे अ‍ॅम्प आणायला परवानगी मिळाली तर! आभारी आहे.

माझ्या नावावरून सगळ्यांना वाटतं मी अँपेगचा एसव्हीटी घेऊन नाट्यगृहात शिरतो. तो राक्षस १९६९ साली बनला तो रोलिंग स्टोन्सच्या दौऱ्याच्या काळात. ३०० वॉटचा ट्यूब हेड (स्पीकरशिवायचा अ‍ॅम्प) आणि दहा-दहा इंचांचे आठ स्पीकर. तेव्हा पीएमधून (प्रेक्षकांसाठीच्या स्पीकरमधून) जेमतेम गायकच ऐकू येत, वाद्यांना स्वतःच्या बळावर मैदान भरावं लागे. आज ती गरज नाही हे मलाही कळतं. माझ्याकडे दोन-अडीच किलोचा क्लास-डी हेड आहे आणि दहा इंची एक स्पीकर. दोन्ही मिळून रिक्षात मावतं.

आणि वॉटला घाबरू नका. वॉट दुप्पट केले तर तीन डेसिबल वाढतात, म्हणजे जेमतेम जाणवेल इतके. आवाज दुप्पट वाटायला दहापट वॉट लागतात. ५०० वॉटचा हेड आणला म्हणजे कान फोडायला आणला असं नाही. मोकळी जागा राहते, सूर दबत नाही.

म्हापसेकर

आमच्या गोव्यात चित्र उलटं आहे म्हणून लिहितोय. लग्नं लॉनवर, उघड्यावर. तिथे भिंत नाही, छत नाही, बेसला आधार द्यायला काहीच नाही. नुसत्या डीआयवर वाजवलं तर बँडला स्वतःचाच बेस ऐकू येत नाही, ड्रमर घाई करायला लागतो. त्यामुळे उघड्यावर अ‍ॅम्प पाहिजेच, हे माझं मत. (मैदान विषयाबाहेर म्हणालात, पण लॉन म्हणजे मैदान नव्हे. ऐकून घ्या.)

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, राज्य सरकारनं वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट दिली तर तेवढीच. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. पण ही मोजणी 'ए' वजनाची असते. त्यात ४० हर्ट्झच्या आसपासच्या आवाजातून साधारण ३४ डेसिबल वजा होतात. म्हणजे यंत्रावर बेस जवळजवळ दिसतच नाही, आणि शेजाऱ्याच्या भिंतीतून मात्र फक्त बेसच आत जातो. यंत्र म्हणतं ठीक, शेजारी म्हणतो झोप नाही. दोघंही खरं बोलतात. त्यामुळे ३५-४० हर्ट्झच्या खालचं हाय-पास फिल्टरनं कापूनच टाका. चार तारांच्या बेसमध्ये तिथे हाताच्या थापेशिवाय काही नसतं, आणि स्पीकरची ताकद तिथेच फुकट जाते.

पाच तारांवाल्यांनी ओरडू नये. खालचा बी ३१ हर्ट्झचा असला तरी बहुतेक कॅबिनेटमधून तुम्हाला ऐकू येतो तो त्याचा ६२चा स्वरांशच.

मंद्रसप्तक

म्हापसेकर, लॉनचं मान्य. माझा आग्रह बंदिस्त सभागृहापुरताच होता आणि आहे.

पण अ‍ॅम्प-डीआयच्या भांडणात वाजवण्याचा मुद्दा मागे पडतोय. डावा_हात यांनी तो अर्धा काढला. आपण जी गाणी वाजवतो त्यांतल्या पन्नाशीच्या दशकातल्या गाण्यांत बेस गिटार नव्हतीच, डबल बेस होता. बोटानं ओढलेला, लगेच विझणारा सूर. त्या जागी आपण नव्या, खरखरीत राउंडवाउंड तारांवर सूर लांबवत बसलो, तर एक सूर संपायच्या आत दुसरा चढतो आणि सभागृह भरून जातं. तळव्याची कड ब्रिजजवळ टेकवून वाजवा, सूर अर्ध्यात तोडा. आवाज तेवढाच ठेवून बेस निम्मा मोकळा होतो. आर. डी. बर्मनकडच्या गाण्यांना मात्र हा उपाय नाही. तिथे टोनी वाझ यांची बेस गिटार स्वतः गाण्यात बोलते, तिला लांबी आणि जोर दोन्ही द्यावे लागतात. आणि ज्या भावगीताच्या मूळ ध्वनिमुद्रणात बेस गिटार नाहीच, तिथे कधी हात मांडीवर ठेवायलाही शिकावं. मानधन तेवढंच मिळतं.

अ‍ॅम्प मागे असला की हे सुचत नाही, कारण तो प्रत्येक सुराला 'वा' म्हणत असतो.

आठ_बाय_दहा

सूर तोडायला अ‍ॅम्प आड येतो हे कुठलं तर्कशास्त्र? उलट सूर किती लांबतोय हे मला अ‍ॅम्पमधूनच कळतं. तुमच्या कानातल्या मिश्रणात सभागृहाची गुंज नसते. तुम्हाला सगळं कोरडं, स्वच्छ ऐकू येतं आणि बाहेर काय चिखल झालाय ते कळत नाही. इन-इअरवाले जास्त वाजवतात हे माझं निरीक्षण आहे, रागवायचं तर रागवा.

मंद्रसप्तक

रागावत नाही. मी एका कानातलं काढून साउंड चेकला मधल्या रांगेत जाऊन बसतो, लांब वायर लावून. कार्यक्रमात दोन्ही कानांत.

फेडर_खाली

दोन्ही कानांत घालणं बरोबर. एक घालून एक उघडा ठेवणारे इन-इअरचा आवाज वाढवत नेतात, तो कान लवकर जातो. ९४ डेसिबलला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं, एवढीच सुरक्षित वेळ अमेरिकेतली निऑश ही संस्था सांगते. आपला कार्यक्रम तीन तासांचा.

नवा_पॅसिव्ह

मध्येच विचारतो. पॅसिव्ह (बॅटरीशिवायचा) जॅझ बेस आहे, अ‍ॅम्प नाही, डीआय नाही. दोन्ही घ्यायला पैसे नाहीत. आधी काय?

फेडर_खाली

डीआय. पॅसिव्ह बेस आहे म्हणून अ‍ॅक्टिव्ह डीआय घ्या, साध्या स्वस्त पॅसिव्ह डीआयवर पिकअपच्या आवाजाचा वरचा भाग दबतो. मिक्सरवरून ४८ व्होल्ट मिळतील, तरी बॅटरीवर चालणारा बघा, कारण कुठला मिक्सर समोर येईल सांगता येत नाही. ग्राउंड लिफ्टचं (सिग्नलच्या वायरीची अर्थिंग सोडवणारं) बटण हवंच. आपल्याकडे दिव्यांच्या डिमरची आणि साउंडची लाइन एकाच ठिकाणाहून घेतात आणि मग घूंऽऽ असा आवाज येतो. हमिंग आलं तर ते बटण दाबा, प्लगची अर्थिंगची पिन तोडू नका.

आठ_बाय_दहा

डीआय घे. आणि पहिल्या कार्यक्रमाला माझा अ‍ॅम्प घेऊन जा, खुर्चीसकट.

डावा_हात

कुठल्या गाण्यांचा कार्यक्रम आहे ते आधी सांग, म्हणजे मी डावा हात कुठे उचलायचा ते लिहून ठेवतो.