लहान वाफ्यासाठी पांढरी डेझी

प्रश्न : पुण्यातील घरासमोरच्या अरुंद वाफ्यात पांढरी शास्टा डेझी लावायची आहे. ‘अलास्का’, ‘बेकी’ आणि ‘स्नो लेडी’ यांपैकी कोणता वाण घ्यावा, हे जाणकारांनी कृपया सुचवावे.

उत्तर १ : ‘स्नो लेडी’ घ्यावी, ती जेमतेम फूटभर वाढते आणि बियांपासून पहिल्याच हंगामात फुलते, तर सुमारे तीन फुटांची ‘बेकी’ पुढची सगळी रोपे झाकून टाकेल. बी ऑक्टोबरात पेरून वर मातीचा अगदी पातळ थर द्यावा.

उत्तर २ : सहमत. मात्र अमेरिकी वनस्पती-संकरक ल्यूथर बरबँक यांनी १९०१ मध्ये कॅलिफोर्नियातून बाजारात आणलेली संकरित शास्टा डेझी थंड हवेत रमणारी असून पाणी साचल्यास तिची मुळे कुजतात, म्हणून बहुवर्षायू असली तरी आपल्याकडे तिला हंगामी समजलेलेच बरे. सुकलेली फुले खुडत राहावे.

उत्तर ३ : दरवर्षी नवी रोपे करण्याचा खटाटोप नको असेल, तर सरळ पांढरी शेवंती लावावी.