अनोळखी नंबर कुणी उचलत नाही, मग फोनवरचे सर्व्हे रद्दीत टाकायचे?

चिकित्सक: ‘ट्रूकॉलरवर लाल पट्टी दिसली की लोक कॉल कापतात, तेव्हा फोनवरचे सर्व्हे रद्दीत टाका’ ही पोस्ट सकाळपासून फिरतेय. कशाला? अमेरिकेत प्यू रिसर्च या जनमत-चाचण्या घेणाऱ्या संस्थेचा फोनवरचा प्रतिसाद १९९७ ला ३६ टक्के होता, २०१२ ला ९, २०१८ ला ६. तरी वेटिंग लावल्यावर, म्हणजे नमुन्यात कमी पडलेल्या गटांच्या उत्तरांना जास्त वजन दिल्यावर, राजकीय कलाचे आकडे बऱ्यापैकी जुळत होते. न उचलणाऱ्यांचं मत वेगळं असेल तरच घोळ होतो.

कोपरखळी: अर्धंच सांगितलंत. प्यूच्याच २०१२ च्या अभ्यासात स्वयंसेवा करणारे ५५ टक्के निघाले, सरकारी सर्वेक्षणात २७! अनोळखी माणसाला वीस मिनिटं देणारा मुळातच परोपकारी. वय-शिक्षणाचं वेटिंग लावून तो परोपकार कसा काढणार?

आकडेमोड: आपल्याकडे त्याआधीच गाळण होते. फोन नवऱ्याकडे. बायकोशी बोलायचंय म्हटलं की ‘मलाच विचारा’. दिलाच, तर स्पीकरवर. म्हणून नाजूक प्रश्न फक्त हो-नाहीत उत्तर येईल असे ठेवावे लागतात.

डायलटोन: लोकांना कसला दोष देताय? चारच लाइनींवरून दिवसभर शेकडो कॉल. डायलर, म्हणजे आपोआप नंबर लावणारं सॉफ्टवेअर, कॉल घ्यायला मोकळ्या असलेल्या सर्व्हेवाल्यांपेक्षा जास्त नंबर फिरवतं, म्हणून उचलल्यावर आधी शांतता, मग ‘हॅलो सर’. नंबर स्पॅम होणारच. १४० ने सुरू होणारे नंबर जाहिरातवाल्यांना, १६०० ने सुरू होणारे बँका आणि सरकारी खात्यांना. सर्व्हेवाल्यांनी जायचं कुठे? त्यांनाही १६०० द्या.

कोपरखळी: द्या की! उद्या प्रचारवालेही घुसतील. ‘अमुक उमेदवाराच्या घोटाळ्याबद्दल ऐकलंत का?’ हाही सर्व्हेच म्हणे.

डायलटोन: प्रचार आणि संशोधन एकाच पोत्यात घालू नका हो! प्रश्नावली आधी तपासून मगच नंबर द्यायचा.

कोपरखळी: तपासणार कोण? तुम्ही?

डायलटोन: निदान आधी एसएमएस तरी पाठवा. त्यालाही डीएलटीवर, म्हणजे व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणी-यंत्रणेवर, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि टेम्प्लेट (मजकुराचा साचा) मंजूर करून घ्यावं लागतं, ती कटकट कुणालाच नको असते.

आकडेमोड: १६०० चं पुराण आवरा. बंद, बिझी, पूर्ण रिंग, मध्येच कापला, सगळं ‘संपर्क नाही’ या एका रकान्यात कोंबतात, खरी गोची तिथे आहे. कापला म्हणजे पलीकडे माणूस आहे, त्याला दुसऱ्या वेळी, संध्याकाळी किंवा रविवारी परत लावता येतो. बंद नंबर कदाचित कुणाचाच नसेल. छेदात कोण धरला यावर प्रतिसाद-दर पार बदलतो.

चिकित्सक: बरं, कॉलच्या प्रत्येक निकालाचा कोड वेगळा ठेवा, हे मान्य. पण ते छापायलाही सांगा. अहवालात नुसतं ‘नमुना १२००’ लिहून मोकळे होतात, नंबर किती फिरवले ते कुठेच नसतं.

कोपरखळी: छापतील की, १६०० मिळाल्यावर.