अपेक्षा आणि पाळीआधीचा त्रास

‘पाळीआधीचा त्रास म्हणजे निव्वळ मनाचे खेळ’ असं काही जण म्हणतात, पण मानसशास्त्रज्ञ डायन रुबल यांच्या १९७७ च्या प्रयोगातून तसं निघत नाही. प्रिन्स्टनमधल्या विद्यार्थिनींना, पाळीला साधारण आठवडा असताना, डोक्याला इलेक्ट्रोड लावून ‘या मशीनवर पाळीची तारीख कळते’ असं भासवलं. काहींना सांगितलं एक-दोन दिवसांत येईल, काहींना आठवडा-दहा दिवस आहेत. पहिल्या गटाने अंग सुजल्यासारखं वाटणं वगैरे शारीरिक तक्रारी जास्त नोंदवल्या. म्हणजे अपेक्षेने नोंद फुगते. त्रासच नसतो असं नव्हे.

म्हणूनच पीएमडीडीचं (पाळीआधी मनःस्थिती फार बिघडवणाऱ्या तीव्र त्रासाचं) पक्कं निदान आठवणीवर करत नाहीत, किमान दोन पाळीचक्रांची रोजची नोंद लागते. रोज रात्री प्रत्येक लक्षणाला १ ते ६ गुण द्या. पानावर फक्त तारीख. चक्राचा कितवा दिवस ते नंतर मोजा आणि मागची पानं चाळू नका. सगळ्यात जास्त घोळ होतो तो रविवारी बसून आठवड्याचे रकाने एकदम भरल्याने (हे सर्रास चालतं!), कारण मग पुन्हा अपेक्षाच लिहिली जाते. पाळीनंतरच्या आठवड्यातही गुण तेवढेच चढे असतील, तर कारण दुसरीकडे शोधावं लागतं.