मदत हवी आहे: जुन्या डेस्कटॉपचा घरगुती सर्व्हर, लाइट गेली-आली तरी आपला आपण उठणारा

नमस्कार, जाणकारांचा सल्ला हवाय, जरा सविस्तर लिहिते.

चिपळूणला आईबाबांकडे एक असेंबल केलेला डेस्कटॉप आहे. आय-५ ४५९० प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर३ रॅम, २५६ जीबीची एसएसडी आणि १ टीबीची जुनी हार्ड डिस्क. प्रोसेसर चौथ्या पिढीचा म्हणून विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, बाबांनी लॅपटॉप घेतला आणि हा पडला बाजूला. मशीन ठणठणीत आहे, भंगारात घालायची अजिबात इच्छा नाही.

करायचंय काय तर घरातले सगळे फोटो, आणि आईने आजीच्या नि वाडीतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून ठेवल्यात त्या, एका जागी आणायच्या. आत्ता काही फोनमध्ये, काही पेन ड्राइव्हवर, काही मेमरी कार्डात अशा विखुरल्यात आणि दुसरी प्रत कुठेच नाही. त्या ओव्या म्हणणाऱ्या कितीतरी जणी आता नाहीत, म्हणजे हे गेलं की कायमचं गेलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी तळमजल्यात शिरलं तेव्हा कपाटातले छापील अल्बम आम्ही असेच घालवलेत. त्यामुळे मला स्पीड वगैरे काही नको, भरवसा हवा.

डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलंय, डॉकरवर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवायची सोय) इमिच हे फोटो साठवायचं सॉफ्टवेअर चालू केलंय, घरच्या वायफायवर आईच्या फोनमधले फोटो आपोआप चढतात, इथवर झकास. अडचण पुढे आहे. मी असते पुण्यात आणि तिकडे पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते हे कोकणातल्यांना सांगायला नको. लाइट आली तरी मशीन बंदच राहतं, बटण दाबावं तर काळ्या स्क्रीनवर 'एफ१ दाबा' असं काहीतरी येऊन अडून बसतं, मग मी फोनवरून सांगायचं आणि आईने कीबोर्ड शोधायचा. आईचं वय सत्तरीचं, दर वेळी हे तिच्या गळ्यात घालणं मला पटत नाही.

तर विचारायचंय हे की दहा हजारांच्या आत पैसे नेमके कशावर घालू? घरात इन्व्हर्टर आहे, तरी वेगळा यूपीएस लागेल का? दोन नवीन डिस्क घेऊन रेड १ (दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहिलं जाणं) करू का? आणि ऑफिसमधला एक जण म्हणतो हे सगळं सोड आणि इंटेलच्या एन१०० या कमी वीज खाणाऱ्या प्रोसेसरचा मिनी पीसी घे, विजेचं बिल तरी वाचेल, त्यात कितपत तथ्य आहे? जुन्या डिस्कचं स्मार्टसीटीएलने (डिस्कची तब्येत सांगणारा प्रोग्राम) काढलेलं रीडिंग देते: रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेले) ०, करंट पेंडिंग सेक्टर (वाचताना अडलेले) ८.

प्रतिसाद १

ताई, आधी फुकटातली आणि स्वस्तातली कामं उरकून घ्या. एफ१ वर अडतंय म्हणजे बहुतेक मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. सेल गेला की वीज पूर्ण तुटल्यावर बायोसची (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम) सेटिंग्ज पुसली जातात, घड्याळही मागे जातं. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडेही मिळेल. सेल बदलला की बायोसमध्ये 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा 'आफ्टर पॉवर फेल' अशा नावाचं जे काही असेल ते 'पॉवर ऑन' करा, आणि कीबोर्ड नसला तरी अडून बसू नये म्हणून 'हॉल्ट ऑन' असेल तिथे 'नो एरर्स'. या दोन सेटिंगांनी तुमच्या आईचे निम्मे त्रास जातील.

कॅबिनेट उघडलंच आहे तर रॅम काढून तिचे सोनेरी पाय खोडरबरने हलक्या हाताने पुसा, दमट हवेत तिथेच घाण धरते. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) दहा वर्षांचा असेल तर तो मात्र बदला, चांगल्या कंपनीचा ४५० वॅटचा पुरे. चोवीस तास चालणाऱ्या मशीनमध्ये म्हातारा एसएमपीएस ठेवू नका, तो जाताना कधीकधी डिस्कलाही घेऊन जातो. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर काढून टाका, इमिचला त्याचं काही काम नाही.

डिस्कबद्दल स्पष्ट सांगतो, पेंडिंग ८ म्हणजे आठ सेक्टर आत्ता वाचता येत नाहीयेत. त्या डिस्कवर ओव्या ठेवू नका. पूर्ण डिस्क एकदा शून्यांनी भरून पाहा (म्हणजे त्यावरचं सगळं पुसलं जाईल), पेंडिंग शून्यावर आलं आणि रीअ‍ॅलोकेटेड वाढलं नाही तर किरकोळ कामाला वापरता येईल, वाढलं तर सोडून द्या.

रेड १ तुमच्यासाठी नको असं माझं मत. एका डिस्कवर फाइल चुकून उडवली की दुसरीवरूनही त्याच क्षणी उडते, आणि वीज पडली किंवा पाणी आलं तर दोन्ही डिस्क एकाच डब्यात. तेच पैसे घालून एक डिस्क मशीनमध्ये ठेवा आणि दुसरी पुण्यात तुमच्या घरी.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. इन्व्हर्टरबद्दल लिहितो, कारण माझं गुहागरला हेच झालंय.

इन्व्हर्टरवर मागे 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असं बटण असतं बघा, ते यूपीएसवर पाहिजे, तरच लाइट बदलताना कॉम्प्युटर रीस्टार्ट होत नाही. पण इन्व्हर्टर मशीनला सांगत नाही की बॅटरी संपत आलीये, ती संपली की मशीन धाडकन बंद. म्हणून मी काय केलंय, एक जुना राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर नसलेल्या प्लगला लावलाय आणि सर्व्हर त्याला दर मिनिटाला पिंग करतो (आहेस का, असं नेटवर्कवरून विचारतो), वीस मिनिटं सलग उत्तर आलं नाही की सर्व्हर स्वतःला नीट बंद करतो.

यात एक गोम आहे. सर्व्हर बंद झाला पण इन्व्हर्टर संपायच्या आत लाइट आली, तर मशीनच्या दृष्टीने वीज कधी तुटलीच नाही, मग पॉवर ऑनचं सेटिंग काही करत नाही आणि मशीन तसंच झोपून राहतं. त्यासाठी बायोसमध्ये रोज सकाळी सहाला उठायचा अलार्म लावून ठेवा, आरटीसी वेक अशा नावाने असतो. यूएसबी पोर्टवाला यूपीएस घेतला तर नट नावाचं सॉफ्टवेअर हेच काम करतं आणि शेवटी यूपीएसला आउटपुट तोडायलाही सांगतं, पण स्वस्त यूपीएसना तो पोर्टच नसतो, विकत घेताना मागे बघून घ्या.

आणि अर्थिंग तपासा हो. जांभ्यातलं अर्थिंग उन्हाळ्यात कोरडं पडतं, आणि अर्थिंग नसेल तर सर्ज प्रोटेक्टर लावून फारसा उपयोग नाही.

मिनी पीसीचं म्हणाल तर तुमचं मशीन नुसतं बसून साधारण ३५ वॅट खाईल असं धरू, म्हणजे महिन्याला २५ युनिट. एन१०० वाला १० वॅट धरला तर ७ युनिट. फरक १८ युनिटचा, दहा रुपये युनिट धरा, १८० रुपये. तेवढ्यासाठी चालतं मशीन काढू नका, हे मेल्यावर तो घ्या.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. एफ१ चं कारण एवढंसं असेल असं वाटलं नव्हतं. सेल, एसएमपीएस आणि दोन डिस्क, बाकी काही घेत नाही. मशीन वरच्या मजल्यावर नेणार आहे, पुराचं पाणी तिथवर आलं नव्हतं.

एक राहिलं. पुण्यातल्या डिस्कवर रोज रात्री प्रत कशी आणू? राउटरमध्ये वॅनचा (इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता १०० ने सुरू होतो, पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून येणारं सर्व्हरकडे वळवणं) केलं तर बाहेरून काहीच पोचत नाही.

प्रतिसाद १

१०० च्या पुढे ६४ ते १२७ मधला आकडा असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, एकच पब्लिक पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो, पोर्ट फॉरवर्ड चालणारच नाही आणि घरचा सर्व्हर असा उघडा टाकायचीही गरज नाही. दोन्हीकडे टेलस्केल (दोन मशीन खासगी नेटवर्कने जोडणारं सॉफ्टवेअर) टाका, घरगुती वापराला फुकट आहे. पुण्यात एखादा जुना लॅपटॉप असेल तर त्याला डिस्क लावा आणि रेस्टिक या बॅकअपच्या प्रोग्रामने प्रत घ्या, म्हणजे कालची, परवाची, गेल्या महिन्याची अशी प्रत्येक अवस्था परत मिळते. पहिली प्रत मात्र चिपळूणला असतानाच डिस्क जोडून घ्या, नेटवरून पहिल्यांदा सगळं ओढायला फार वेळ जाईल.

इमिचचे नुसते फोटो घेऊन भागत नाही, अल्बम, नावं, चेहरे हे सगळं पोस्टग्रेसच्या डेटाबेसमध्ये असतं, त्याचा रोजचा डंपही (फाइलमध्ये उतरवलेला पूर्ण डेटाबेस) त्याच प्रतीत यायला हवा.

ओव्या इमिचमध्ये घालू नका, ते फोटो आणि व्हिडिओसाठी आहे. त्यांचं साधं फोल्डर करा आणि फाइलच्या नावात बाईचं नाव, गाव, साल लिहा, आईला आठवतंय तोवर बसून लिहून घ्या. आणि पुण्याच्या प्रतीतून एक ओवी वेगळ्या मशीनवर काढून ऐकून बघा, ती नीट वाजली की मगच फोन आणि मेमरी कार्डं रिकामी करा.