२० मिमी असूनही पल्ला कमी कसा? (एनटीडब्ल्यू-२० / विध्वंसक)

फोंडेकर:
नमस्कार मंडळी. विज्ञान प्रदर्शनासाठी मोठ्या बोअरच्या (नळीचा आतला व्यास) रायफलींचा तक्ता करायचा आहे. दक्षिण आफ्रिकेच्या एनटीडब्ल्यू-२० रायफलीचा परिणामकारक पल्ला २० मिमीत १५०० मीटर, तर १४.५ मिमीत २३०० मीटर दिलेला दिसतो. मोठी गोळी कमी लांब जाते, हे पोरांना पटवायचं कसं? बोगमाळोच्या नौदल संग्रहालयातल्या सी हॉक विमानाची तोफही २० मिमीचीच. ती आणि ही एकच का?

मांडवीकाठ:
नाही बाब. २० मिमी म्हणजे फक्त नळीचा आतला व्यास. खरी गोष्ट काडतुसाच्या केसमध्ये, म्हणजे दारू भरलेल्या पुंगळीत असते. सी हॉकच्या हिस्पानो तोफेला २०×११० लागतं, एनटीडब्ल्यूच्या या प्रकाराला २०×८२ (दुसरा आकडा केसची लांबी, मिमीत). २०×८२ हे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन एमजी १५१/२० विमानतोफेचं काडतूस.

आकडे सुमारे धरा: २०×८२ चा गोळा ११० ग्रॅम, वेग ७२० मी/से.; १४.५×११४ ची गोळी ६४ ग्रॅम, वेग १००० मी/से. ऊर्जा अनुक्रमे २८.५ आणि ३२ किलोजूल, म्हणजे लहान गोळीचीच जास्त! शिवाय वजन (ग्रॅम) भागिले व्यासाचा (मिमी) वर्ग केलंत, तर १४.५ ला ०.३०, २० ला ०.२८ येतं. १४.५ च्या गोळीचा आकारही निमुळता, म्हणून हवा तिला कमी अडवते. मग २० मिमी कशाला? तर गोळ्यात स्फोटक भरायला जागा मिळते. उभं विमान, रडार, इंधनाची टाकी असल्या लक्ष्यांवर नुसत्या भोकापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

यंत्रवेडा_म्हापसा:
पल्ल्यापेक्षा धक्का जास्त रंजक आहे, तक्त्यात तोच घ्या. ११० ग्रॅम × ७२० मी/से. म्हणजे संवेग ७९ किग्रॅ·मी/से. तीस किलोची रायफल धरली तर ती मागे २.६ मी/से.ने येते, सुमारे १०४ जूल. लष्कराच्या जुन्या ७.६२ मिमीच्या एसएलआर रायफलीला याच हिशेबाने ७-८ जूल. (दारूच्या वायूंचा वाटा दोन्हीकडे सोडलाय, प्रत्यक्षात दोन्ही आकडे वाढतील.)

हे १०४ जूल खांद्यावर १ सेंटीमीटरात थांबवायचे तर सरासरी बल दहा हजार न्यूटनच्या घरात जातं. ५ सेंटीमीटरांवर पसरले की दोन हजार. म्हणून एनटीडब्ल्यूत नळी आणि रिसीव्हर (बोल्ट बसतो तो भाग) चौकटीत मागे सरकतात आणि मधला डॅम्पर, म्हणजे धक्का शोषणारा भाग, मार खातो. १९१८ च्या जर्मन माउझर टी-गेवेअर या रणगाडाविरोधी रायफलीला यातलं काहीच नव्हतं, ना नळीच्या तोंडाचा ब्रेक, ना धक्का शोषणारा बफर. १३.२ मिमीच्या त्या रायफलीमागे झोपणाऱ्या शिपायाची दया येते.

हा ब्रेक वायू बाजूला आणि मागे वळवून धक्का कमी करतो, पण तोच आवाज आणि दाब चालवणाऱ्याच्या कानाकडे येतो. समोरची धूळ उडते ती वेगळीच, आणि जागा उघडी पडते. प्रोटोटाइप बनवणाऱ्यांची खरी ओढाताण इथेच होते: ब्रेक मोठा केला की खांदा सुखी, बाकी सगळे दुःखी.

फोंडेकर:
भारतीय विध्वंसक रायफलीचं काय? नळी बदलता येते म्हणतात.

मांडवीकाठ:
हो, तिरुचिरापल्लीच्या आयुध निर्माणीत बनलेली, १२.७, १४.५ आणि २० अशा तीन बोअरमध्ये. पण नुसती नळी बदलून भागत नाही. एनटीडब्ल्यूतही बोल्ट, मॅगझीन आणि दुर्बीण बरोबर बदलावी लागते, कारण काडतुसाची बूड आणि गोळीचा मार्ग दोन्ही वेगळे. बदलल्यावर झिरोही, म्हणजे दुर्बिणीचा नेम आणि गोळी लागते ती जागा जुळते का, पुन्हा तपासायचा. तक्त्यात 'एकच रायफल, तीन बोअर' लिहू नका, 'एकच सांगाडा' लिहा.