मँचेस्टर की मॅनहाइम? व्यवस्थापनाच्या शिक्षणासाठी सल्ला हवा

प्रश्न (भोसरीकर):
नमस्कार. मी बीबीए पूर्ण केले असून सप्टेंबर २०२६ पासून व्यवस्थापनातील पदव्युत्तर शिक्षणासाठी मला मँचेस्टर आणि मॅनहाइम या दोन्ही विद्यापीठांत प्रवेश मिळाला आहे. मँचेस्टरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा, मॅनहाइमचा दोन वर्षांचा, दोन्ही इंग्रजीतून. वडिलांचा भोसरीत वाहनांच्या सुट्या भागांचा छोटा कारखाना आहे आणि काही वर्षे बाहेर नोकरी करून पुढे तो मी सांभाळेन, असे घरचे धरून चालले आहेत. मामा म्हणतात, नाव मोठे ते घे. काय निवडावे?

उत्तर (नेकरकाठ):
कारखाना सांभाळायचे खरोखर ठरले असेल, तर मॅनहाइम. मॅनहाइम जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात आहे आणि तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला सत्राला १,५०० युरो शुल्क पडते, म्हणजे चार सत्रांचे ६,००० युरो. व्हिसासाठी ११,९०४ युरो ‘ब्लॉक्ड’ खात्यात आधीच ठेवावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरो काढता येतात. हे सगळे धरूनही मँचेस्टरचा खर्च बराच जास्त होईल. पदवीनंतर नोकरी शोधायला जर्मनी १८ महिने देते. ब्रिटनमध्ये पदव्युत्तरांना दोन वर्षे मिळत, पण १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना तिथेही १८ महिनेच मिळतील आणि तुमचा अभ्यासक्रम त्यानंतर संपणार असल्याने हा फरक तुमच्यापुरता उरत नाही.

मात्र इंग्रजीवर निभावेल या भ्रमात राहू नका. स्टुटगार्टजवळच्या एका मध्यम कंपनीच्या खरेदी विभागात मी काम केले आहे. बैठक इंग्रजीत सुरू व्हायची, पण टेबलावर ड्रॉइंग उघडून टॉलरन्सवर (मापात किती फरक चालेल यावर) वाद लागला की मंडळी जर्मनवर यायची, आणि भाव नेमका त्याच वेळी ठरायचा. जर्मन शिकायला रानडे इन्स्टिट्यूट किंवा मॅक्सम्युलर भवनात आजच नाव घाला.

उत्तर (औंधवासी):
‘घरचे धरून चालले आहेत’ यावर एवढा मोठा निर्णय बेतू नये. तुम्हाला स्वतःला सल्लागार कंपनीत किंवा वित्तक्षेत्रात जायचे असेल, तर मँचेस्टर अधिक सोयीचे, कारण लंडनची बाजारपेठ इंग्रजीत चालते. पण एक वर्ष म्हणजे फार थोडा अवधी: मोठ्या कंपन्यांच्या नवपदवीधर भरतीचे अर्ज शरदातच सुरू होतात, म्हणजे वर्ग नीट लागण्याआधी अर्ज भरावे लागतात. पुढे टिकायचे तर परवानाधारक कंपनीने कामाच्या व्हिसासाठी प्रायोजक व्हायला हवे आणि वार्षिक पगाराची सर्वसाधारण अट ४१,७०० पौंडांची आहे. नवपदवीधरांना ती ३३,४०० पर्यंत शिथिल होते. मामांना हे आकडे जरूर दाखवा.

उत्तर (सीए, सदाशिव पेठ):
कर्ज घेणार असाल तर भोसरीचा गाळा कॅश क्रेडिटपोटी (खेळत्या भांडवलाच्या कर्जापोटी) बँकेकडे आधीच गहाण आहे का, ते वडिलांना विचारा. लहान कारखानदारांकडे बहुधा तसेच असते आणि मग तारणाला राहते घर येते. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची वजावट जुनी करप्रणाली निवडली तरच मिळते. मॅनहाइम नक्की केलेत तर एपीएस प्रमाणपत्राचे, म्हणजे तुमची शैक्षणिक कागदपत्रे जर्मनीसाठी तपासून घेण्याचे, काम लांबवू नका. त्यावाचून व्हिसाची फाइल पुढे सरकत नाही.