इंग्रजी बोलताना कोल्हापुरी हेल घालवायलाच पाहिजे का?

उद्यमनगरवाला:
भाचीला पुण्यातल्या एका कंपनीनं मुलाखतीत सांगितलं, काम येतंय पण ॲक्सेंट न्यूट्रल कर. लई राग आला मला. न्यूट्रल इंग्रजी असतंय कुठं? लंडनचा साहेब 'कार'मधला र खातो तर भारी, आणि न्यूयॉर्कात १९६२ ला विल्यम लबोव्ह नावाचा अभ्यासक दुकानादुकानांत 'अमुक वस्तू कुठं मिळंल' विचारत फिरला, उत्तर 'फोर्थ फ्लोअर' येणार हे त्याला माहीत होतं, तर महागड्या दुकानातली माणसं र जास्त म्हणायची आणि स्वस्तातली खायची. एकच र, इकडं खाल्ला तर मोठेपणा, तिकडं खाल्ला तर कमीपणा.

राजारामपुरी_गल्ली:
पटलं नाही. मी रोज परदेशी क्लायंटशी बोलते. आपल्याकडं व्ह आणि व एकच, त्यामुळं वेलीचा व्हाइन आणि दारूची वाइन सारखीच ऐकू येते. ट-ड पण आपण जीभ वळवून ठोकतो. समोरच्याला तीनतीनदा पार्डन म्हणायला लागलं की तो वैतागणारच, त्यात कसला आलाय भेदभाव.

उद्यमनगरवाला:
ताई, ते झालं स्पष्ट बोलणं, ते शिकायलाच पाहिजे. पण १९९२ चा डोनाल्ड रुबिन यांचा अमेरिकेतला प्रयोग बघा. लेक्चरचं रेकॉर्डिंग एकच, बोलणारी बाई अमेरिकनच, फक्त काही पोरांसमोर गोऱ्या बाईचा फोटो ठेवला आणि काहींसमोर आशियाई बाईचा. आशियाई फोटो बघणाऱ्यांना लेक्चर कमी कळलं! आता ह्याच्यावर कुठला क्लास लावायचा पोरीनं?

गोकुळशिरगाव:
आमच्या मशिन शॉपला जर्मन येतात, त्यांचं इंग्रजी त्यांच्यासारखं आमचं आमच्यासारखं, ड्रॉइंग टेबलावर पसरलं की मायक्रॉनपर्यंत सगळं जुळतंय, कोण कुणाचा हेल काढत न्हाई.

राजारामपुरी_गल्ली:
दादा, तुमचा माल बोलतो. पोरीचं तसं नाही, मुलाखत घेणारा काय रुबिन वाचून बसत नाही. पुण्यात गेल्यावर आपण 'करालोय'चं 'करतोय' करतोच की, तसं इंग्रजीत केलं तर काय बिघडलं? आधी नोकरी तर लागू दे.

उद्यमनगरवाला:
दर वेळी आपणच बदलायचं, हेच बिघडतंय. १९४१ ला बीबीसीनं यॉर्कशरच्या विल्फ्रेड पिकल्सना बातम्या वाचायला बसवलं तर ऐकणाऱ्यांनी तक्रारी केल्या, आता तिथं गावोगावच्या हेलातले निवेदक रोज ऐकू येतात, लोकांना सवय झाली. भाचीकडनं व्ह आणि व चा सराव करून घेतोय, व्ह ला वरचे दात खालच्या ओठावर टेकव म्हणून. हेलाला मात्र हात लावायचा न्हाई असं ठरलंय आमचं.